जाळ्यांच्या शेडमध्ये झोपणाऱ्या माजी सैनिकाला कुठलं काम शिकवता येईल?

कलमवाली_राजापूर | ११ मे, रात्री ९:४०

नमस्कार. जरा लांबलचक लिहिते आहे, पण सगळं एकदाच सांगितलं की उत्तर देणाऱ्यांना सोपं जाईल.

राजापूर तालुक्यात माझी आंबा-काजूच्या कलमांची रोपवाटिका आहे. ती मुळात वडिलांची. ते मराठा लाइट इन्फंट्रीत हवालदार होते. बेळगावला भरती झाले, पेन्शनवर आल्यावर गावी येऊन त्यांनी कातळावर माती टाकून ही बाग उठवली. सहा वर्षांपूर्वी ते गेले. त्यांची काळी ट्रंक अजून माजघरात आहे, वर पांढऱ्या रंगात नंबर आणि नाव. त्यामुळे फौजेतला माणूस म्हटला की मला दुर्लक्ष करता येत नाही.

आमच्या बंदरावर सोसायटीची जाळी ठेवायची शेड आहे. तिच्या कोपऱ्यात गेल्या दिवाळीपासून एक जण राहतात. वय ४७. बंदरावर सगळे त्यांना 'मिलिटरी' म्हणतात, मी भाऊ म्हणते. १९९८ ला फौजेच्या सिग्नलमध्ये, म्हणजे संदेशवहनाच्या खात्यात, भरती झाले, ट्रेनिंग गोव्याला पणजीत, काम लाइनमनचं. ११ वर्षं नोकरी करून २००९ मध्ये घरी आले. पेन्शन नाही. नंतर ठाण्याला एका बिल्डिंगवर वॉचमन होते, लॉकडाउनमध्ये ते काम सुटलं. गावी परतले तोवर घराच्या वाटण्या झालेल्या, यांच्या वाट्याची पडवी भावाने बांधून आत घेतलेली. सातबाऱ्यावर नाव आहे, पण पाठ टेकायला जागा नाही. दारू आहे, ते मी लपवत नाही. सकाळी हात कापतात.

दिवसा ते जाळी सांधून देतात. खलाशी शंभर-दीडशे रुपये देतात, कधी नुसतं जेवण.

आता मुख्य गोष्ट. फेब्रुवारीत माझ्या पंपाची केबल उंदरांनी खाल्ली. वायरमन दोन दिवस आला नाही, रोपं सुकायला लागली, म्हणून मी बंदरावर जाऊन भाऊंना विचारलं. ते आले. दोन्ही टोकं सोलली, तारा एकेक करून मोकळ्या केल्या, एकमेकींत घालून पिळल्या, आणि टेप गुंडाळायला लागले. मी बाजूला उभी राहून बघत होते. टेप खालून वर. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर बरोबर अर्धा चढलेला, कुठे सुरकुती नाही, कुठे सैल नाही. मी विचारलं, खालून वर का? म्हणाले, "वरून खाली गुंडाळली तर वेढ्याच्या तोंडातून पाणी आत शिरतं. पावसात लाइन मरते."

आम्ही कलमाला प्लॅस्टिकची पट्टी बांधतो ती अगदी अशीच. खालून वर, अर्ध्यावर अर्धा वेढा. कारणही तेच, सांध्यात पाणी जाता कामा नये. हे नवीन माणसाच्या हातात बसायला मला एक अख्खा मोसम घालवावा लागतो. या माणसाच्या हातात ते फौजेतल्या अकरा वर्षांत बसलंय.

म्हणून माझ्या मनात आलं की यांना कलम बांधायला शिकवावं. कलम बांधणारा चांगला हात आमच्याकडे मिळत नाही, नगावर पैसे मिळतात, आणि काम बसून करायचं आहे. पण मला भीतीही वाटते. मी शिकवायला घेईन आणि तीन महिन्यांत मोसम संपल्यावर पुन्हा शेडमध्ये सोडून देईन, असं व्हायला नको. माजी सैनिकांसाठी सरकारी प्रशिक्षण असतं असं ऐकते. पेन्शन नसलेल्या, ४७ वर्षांच्या माणसाला ते मिळतं का? राहायचं काय? आणि घाई अशी आहे की १ जूनला मासेमारी बंदी लागते. बोटी वर ओढल्या की ३१ जुलैपर्यंत शेड जाळ्यांनी छतापर्यंत भरते. मग पावसाचे हे कुठे जाणार?

ज्यांना माहिती आहे त्यांनी कृपा करून सांगा.

---

निवृत्त_सुभेदार_खेड | १२ मे, सकाळी ६:१५

ताई, जय हिंद. तुमच्या वडिलांना मानाचा सलाम.

प्रशिक्षणाचं नंतर बघू. सगळ्यात आधी त्यांचं डिस्चार्ज बुक शोधा. त्यात नोकरी का सुटली याचा एक रकाना असतो. त्या एका ओळीवर पुढचं सगळं ठरतं.

१ जुलै १९८७ नंतर जे बाहेर पडले त्यांच्यासाठी नियम ढोबळ मानाने असा आहे. जवानाची पेन्शन १५ वर्षांना बसते. पेन्शन घेऊन आला तर तो माजी सैनिक. मेडिकल बोर्डाने बाहेर काढला आणि अपंगत्वाची पेन्शन दिली तर तोही माजी सैनिक. पण पेन्शन बसण्याआधी स्वतःच्या विनंतीवरून नाव कापून घेतलं असेल तर तो नियमात बसत नाही. लोकांना वाटतं वर्दी घातली म्हणजे झाला माजी सैनिक. कागदावर तसं नसतं आणि हे आमच्यातल्याही पुष्कळांना बाहेर पडल्यावरच कळतं. २००९ ला घरात काय झालं होतं ते त्यांना सावकाश विचारा. घाबरवू नका.

नियमात बसले तर दारं बरीच आहेत. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात ओळखपत्र निघतं, नोकरीसाठी नाव नोंदवता येतं. राज्य सरकारच्या वर्ग तीन आणि चारच्या भरतीत माजी सैनिकांना १५ टक्के समांतर आरक्षण आहे. बँकांमध्ये क्लार्कच्या जागांत साडेचौदा टक्के, शिपायाच्या जागांत साडेचोवीस टक्के. दहावी पास आणि १५ वर्षं नोकरी असेल तर गट 'क' च्या ज्या जागांना तांत्रिक अनुभव लागत नाही तिथे पदवीधर धरतात. पुण्याचं मेस्को, म्हणजे आपलं माजी सैनिक महामंडळ, सुरक्षारक्षकांची कामं देतं.

खरं प्रशिक्षण मात्र पेन्शन येण्याआधी असतं. दिल्लीचं पुनर्वसन महासंचालनालय ते कोर्स चालवतं, जवान आणि जेसीओंची (म्हणजे सुभेदार वगैरेंची) फी सरकार भरतं. मी स्वतः केला होता. पण सांगतो, त्या वेळी डोक्यात एकच असतं, केव्हा घरी जातो. बरेच जण सोपा कोर्स निवडतात, सर्टिफिकेट ट्रंकेत टाकतात आणि घरी आल्यावर गार्डच्या नोकरीला लागतात. सुरक्षा एजन्सीच्या नियमातही सामान्य माणसाला निदान २० दिवसांचं ट्रेनिंग आणि माजी सैनिकाला ७ दिवसांचं. म्हणजे दार उघडंच, ढकलायचीही गरज नाही. त्यात वाईट काही नाही, मीही तीन वर्षं केली. पण बारा तासांची रात्रपाळी, एकटं बसायचं, आणि ज्याला आधीच बाटलीची सवय आहे त्याला तर ते काम देऊच नये. तुमचं कलमांचं काम चार माणसांत बसून आहे. मला ते जास्त पटतं.

दुसरी नोकरी शोधण्याचा हा प्रश्न काही आजचा नाही. दापोली कॅम्प ही पेन्शनरांचीच वस्ती. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी १८९४ ला निवृत्त होऊन तिथेच राहत होते, आणि पुढे कामासाठी त्यांना घरदार घेऊन साताऱ्याला जावं लागलं. सुभेदाराची पेन्शन असून. आता २०२२ पासून अग्निवीर आहेत, चार वर्षांनी चारातले तीन बाहेर येणार. सुमारे ११ लाख ७१ हजार सेवानिधी मिळेल, पेन्शन नाही. आमच्या खेड तालुक्यातलीच किती पोरं आहेत. त्यांना आत्तापासून कोणीतरी हाताला धरून काम शिकवायला हवं, नाहीतर ही शेड आणखी भरेल.

कागद सापडले की इथेच लिहा.

---

ओबीएम_मालवण | १३ मे, रात्री ११:०५

ताई, मी कधी इथे लिहीत नाही. तुमचं वाचलं आणि झोप येईना.

मी नेव्हीत १५ वर्षं. पेन्शन घेऊन आलो. म्हणजे सुभेदार साहेब म्हणतात ती सगळी दारं मला उघडी होती. तरी मी सात महिने एका एसटी स्टँडवर झोपलो. बायको गेली, त्यानंतर मी पिऊ लागलो, आणि नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा असतो तो दिला नाही. पुढे पेन्शन थांबली. मला वाटलं सरकारने बंद केली. खरं तर मी जिवंत आहे हे मी कोणाला सांगितलंच नव्हतं.

जहाजावरचा एक जुना सोबती त्या स्टँडवर मला भेटला. त्याने मला भाषण दिलं नाही. जनसेवा केंद्रात नेलं, बोटाचा ठसा देऊन जीवन प्रमाणपत्र काढलं, फौजेच्या पेन्शनच्या 'स्पर्श' पोर्टलवर चढवलं. बोट पहिल्यांदा लागेना, साल निघालेली होती. केंद्रातल्या मुलीने ओल्या फडक्याने माझं बोट पुसलं आणि परत लावलं. पेन्शन सुरू झाली, थकलेली रक्कमही आली. आणि ती रक्कम हातात आली तेव्हा मी परत प्यायलो. हे मुद्दाम सांगतो. नुसते पैसे देऊन माणूस उभा राहत नाही.

उभा राहिलो ते वेगळ्या कारणाने. त्या सोबत्याने रोज सकाळी सहाला फोन करायचा आणि मी एकच शब्द बोलायचा, "हजर". बस्स. तब्येत कशी आहे, प्यायलास का, काही विचारायचा नाही. फौजेत रोज सकाळी कोणीतरी तुमचं नाव पुकारतं. बाहेर आल्यावर ते नाव कोणी घेत नाही, आणि आपण आहोत की नाही हेच माणसाला कळेनासं होतं. वर्षभर त्याने फोन केला. एकदाही चुकवला नाही.

कामाचं म्हणाल तर आधी मर्चंट नेव्हीत जायचं ठरवलं होतं. नेव्हीतल्या माणसांसाठी तशी वाट आहे, २०२० मध्ये नेव्ही आणि जहाजवाहतूक महासंचालनालयाचा करार झाला. पण माझं ब्लड प्रेशर मेडिकलमध्ये अडकलं. मग मालवणात एका मिस्त्रीकडे बसलो, बोटीची आउटबोर्ड मशीन खोलायला. तारकर्लीला स्कूबाच्या बोटी वाढल्या, तशी दुरुस्तीची कामंही वाढली. आठ महिने त्याच्या शेजारी बसून शिकलो. पहिले तीन महिने पगार नाही, फक्त जेवण आणि गॅरेजमागची खोली. ती खोली नसती तर आठवा दिवससुद्धा झाला नसता. माझ्याकडे सर्टिफिकेट नाही, पण खाऱ्या पाण्याने अडकलेलं कार्ब्युरेटर मला आवाजावरून कळतं.

तुमच्या भाऊंचा नंबर मला मेसेजमध्ये पाठवा. सहाचा फोन मी करीन. दारू सुटण्यासाठी अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची बैठक जवळपास कुठे भरते बघा, त्यांना त्रास न देता एकदा सांगून ठेवा. रात्री फारच झालं तर टेलिमानस १४४१६, मन हलकं करायची सरकारी हेल्पलाइन, फुकट आहे, मराठीत बोलतात.

आणि ताई, आमच्या भाषेत सांगतंय, ऑफिसात तेका एकट्याक धाडू नको. सोबत जा.

---

महाड_वहिनी | १५ मे, दुपारी २:३०

माझे यजमान सुरुंगात पाय गेल्यावर बोर्ड आउट झाले. पुण्याला आर्टिफिशियल लिंब सेंटरला पाय बसवला आणि मग खडकीला क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकायला गेले. १९१७ पासूनची संस्था आहे, अपंग जवानांसाठीच. त्यांनी कॉम्प्युटर शिकून घेतला, आता महाडच्या बाजारपेठेत आमचं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. भाऊंच्या कागदात मेडिकलचं काही निघालं तर ही वाट लक्षात असू द्या.

एक गोष्ट कोणी बोलत नाही म्हणून लिहिते. माणूस शिकत असतो तेव्हा घरात पैसे येत नाहीत. यजमान खडकीला होते तेव्हा मी दोन घरी पोळ्या लाटल्या. तुमच्या भाऊंच्या मागे पोळ्या लाटायला कोणी नाही. म्हणून शिकतानाचे पैसे पहिल्या दिवसापासून द्या, थोडे का होईना.

---

प्रशिक्षक_लांजा | १६ मे, सायंकाळी ७:२०

मी ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत काही वर्षं शिकवलं आहे. या संस्था प्रत्येक जिल्ह्यात बँका चालवतात, प्रशिक्षण फुकट, राहणं-जेवणही फुकट. घर नसलेल्या माणसाला याचा मोठा फायदा, कोर्स चालू असेपर्यंत गादी आणि दोन वेळचं ताट पक्कं. पूर्वी वयाची मर्यादा ४५ होती, तेव्हा ४७ सांगून आधी विचारून घ्या. पण कोर्स दहा दिवसांचा असो की तीसचा, एकतिसाव्या दिवशी माणूस कुठे जाणार हे आधी ठरवून मगच पाठवा. माझ्या वर्गात एक जण होता, शेवटच्या दिवशी सगळे घरी गेले आणि तो पिशवी घेऊन फाटकात बसला. मला तेव्हा काही सुचलं नाही.

दुसरं, ते जाळी सांधतात म्हणालात. पीएम विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत, त्यात मासेमारीचं जाळं विणणारा आहे आणि होडी बांधणाराही आहे. नोंदणी जनसेवा केंद्रात, पडताळणी ग्रामपंचायतीतून. पाच ते सात दिवसांचं प्राथमिक प्रशिक्षण, दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत. याला माजी सैनिक असण्याची अट नाही. पण आधार आणि बँक खातं लागेल. आधारवर ठाण्याचा पत्ता असेल तर सरपंचांच्या ठराविक नमुन्यातल्या दाखल्यावर बदलता येतो.

---

कलमवाली_राजापूर | २० जून, रात्री १०:१५

सगळ्यांचे मनापासून आभार. उशीर झाला, कामंच तशी होती.

डिस्चार्ज बुक भाऊंकडे नव्हतं. लांज्याला बहिणीकडे ठेवलं होतं, तांदळाच्या डब्याखाली, प्लॅस्टिकच्या पिशवीत. आम्ही दोघं गेलो. बहिणीने भावाला ओळखायला क्षणभर वेळ घेतला आणि मग आत जाऊन रडली.

कारणाच्या रकान्यात सुभेदार साहेब म्हणाले तेच निघालं. भरतीच्या अटी पूर्ण होण्याआधी स्वतःच्या विनंतीवरून. २००९ ला यांच्या आईला अर्धांगवायू झाला होता, यांचा सख्खा भाऊ मुंबईला आणि बघायला कोणी नव्हतं. यांनी अर्ज केला आणि घरी आले. आई पाच वर्षं अंथरुणावर होती, यांनीच केलं सगळं. चार वर्षं आणखी काढली असती तर पेन्शन बसली असती, हे त्यांना तेव्हाही माहीत होतं.

तरी सैनिक कार्यालयात जाऊन आलो, सकाळच्या एसटीने रत्नागिरीला. बाबूंनी पुस्तक नीट वाचलं, दोनदा वाचलं, आणि ओळखपत्र निघणार नाही म्हणून सांगितलं. म्हणजे पासष्टीनंतर पेन्शन नसलेल्या माजी सैनिकांना केंद्रीय सैनिक बोर्डाकडून मिळते ती मदतही पुढे मिळणार नाही. नोव्हेंबर २०२५ पासून ती महिना ४,००० ची ८,००० झाली आहे. बाहेर येऊन भाऊ पायरीवर बसले. मी काही बोलले नाही. चहा आणला.

पण त्या पुस्तकात आणखी एक रकाना आहे, वर्तणुकीचा. तिथे 'एक्झम्प्लरी' लिहिलंय. म्हणजे आदर्श. गावात पंधरा वर्षं लोक यांना भगोडा म्हणताहेत, सख्खा भाऊसुद्धा. यांनी कधी हे पान कोणाला दाखवलं नाही. येताना बहिणीने हट्टाने त्या पानाच्या चार झेरॉक्स काढून घेतल्या. एक तिने त्या भावाच्या घरी नेऊन दिली. तिथे काय बोलणं झालं मला माहीत नाही.

राहण्याचं असं केलं की कुंपणाला लागून वडिलांनी बांधलेली खोली आहे, खतं ठेवायची. ती रिकामी केली, कोबा धुतला, खाट टाकली, माझ्या आईने दिवा लावला. दोन बायकांच्या घराशेजारी परका माणूस, लोक बोलणार हे ठाऊक होतं. म्हणून ३० मेला मी सरपंच आणि पोलीस पाटलांना बोलावून त्यांच्यासमोरच किल्ली दिली. मजुरी पहिल्या दिवसापासून, महाडच्या वहिनी म्हणाल्या तशी. सहाचा फोन रोज येतो. मी अंगणात असते तेव्हा ऐकू येतं, "हजर".

---

निवृत्त_सुभेदार_खेड | २१ जून, सकाळी ६:००

ताई, ते पान लॅमिनेट करून घ्या. नियमात बसत नाही म्हणून तो माझा भाऊ नाही असं होत नाही. पावसात एक दिवस येतो.

---

कलमवाली_राजापूर | ९ ऑगस्ट, रात्री ९:००

काय झालं ते सांगायचं राहिलं होतं.

जूनच्या सुरुवातीला रायवळ आंब्याचे बाठे, म्हणजे कोयी, रुजत घातले होते, ते महिनाअखेर वर आले. कोय कलमाला रोप पंधरा-वीस दिवसांचंच हवं, पानं तांब्याच्या रंगाची असताना. हिरवी झाली की उशीर झाला. रोप बाठ्यासकट उचलायचं, देठ वितीहून कमी ठेवून वरचा भाग उडवायचा, मधोमध चीर द्यायची, हापूसच्या काडीला दोन्ही बाजूंनी पाचरीसारखा उतार द्यायचा आणि चिरेत बसवायची. साल सालीला भिडली पाहिजे. मग पट्टी.

पहिल्या दिवशी भाऊंनी तीस बांधली. पट्टी बघून माझी जुनी बाई म्हणाली, ही तुम्ही बांधली का? पण पट्टी छान असून भागत नाही. पाचर तासताना हात थरथरायचा, उतारावर पायऱ्या पडायच्या, आत पोकळी राहायची. पहिल्या शंभरातली ३८ जगली. माझी नेहमी साठ-पासष्ट जगतात. भाऊंनी मेलेली कलमं टाकू दिली नाहीत. एकेक सोडवून आतला सांधा बघितला, कुठे काळा पडलाय, कुठे पाणी शिरलंय. अशा तपासणीला त्यांच्यात 'लाइन चेक' म्हणतात म्हणे. त्यानंतर त्यांनी स्वतःच ठरवलं की तासायचं काम दुपारी करायचं, हात स्थिर असतो तेव्हा, आणि सकाळी पिशव्या भरायच्या. पुढच्या दोनशेत १२२ जगली.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात चार दिवस ते नव्हते. खोलीला कुलूप. सहाचा फोन वाजला आणि "हजर" आलं नाही, तसे मालवणचे दादा दुसऱ्या दिवशी एसटीने आमच्या दारात. मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते. आम्ही दोघं बंदरावर गेलो. भाऊ शेडमध्येच होते, जाळ्यांच्या ढिगामागे. दादा त्यांच्या शेजारी जाऊन बसले, तासभर. काय बोलले ते मी विचारलं नाही, विचारणारही नाही. पाचव्या दिवशी भाऊ खोलीत परत आले आणि सकाळी पिशव्या भरायला बसले. दादा सांगून गेले की हे परत होईल, तेव्हा घाबरायचं नाही आणि खोलीला दुसरं कुलूप घालायचं नाही.

विश्वकर्माची नोंदणी जनसेवा केंद्रात झाली, आधारचा पत्ता आधी बदलून घ्यावा लागला, त्यात तीन फेऱ्या गेल्या. ग्रामपंचायतीकडून पडताळणी झाली आहे, पुढचं यायचं आहे. स्वयंरोजगार संस्थेचा विचार सध्या बाजूला ठेवला, आता खोली आहे तर पुन्हा जागा हलवायला भाऊ तयार नाहीत आणि मलाही ते बरोबर वाटलं. आता काजूची मृदुकाष्ठ कलमं (कोवळ्या खोडावर बांधायची) चालू आहेत, वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ या जातींची. काडीची पानं आठ-दहा दिवस आधी कापून ठेवायची असतात, ती वहीत तारखेनिशी लिहिण्याचं काम भाऊंकडे आहे. सप्टेंबरनंतर कलमं कमी होतात, म्हणून पंप आणि ठिबकच्या लाइनची देखभाल त्यांच्याकडे देणार आहे, शेजारच्या दोन बागायतदारांशीही बोलले आहे. मार्चपासून आंबा उतरवायला झेल्यावर माणूस लागतोच. म्हणजे बारा महिन्यांतले दहा तरी भरले. उरलेल्या दोनाचं बघू.

लांजा-राजापूर-देवगड भागात अशी आणखी कोणी माणसं असतील, पेन्शन असलेली किंवा नसलेली, आणि त्यांना हे काम शिकायचं असेल, तर मला मेसेज करा. पुढच्या जूनला मी बाठे पाच हजार जास्त रुजवणार आहे, दोन हात तरी लागतील. खोलीत दुसरी खाट बसते, मी मोजून बघितलंय.